घरच्या फिशटँकचे फोटो काढायला पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

गप्पीवाली

नमस्कार मंडळी,

घरी दोन फुटी टाकी आहे (२४ × १२ × १२ इंच). त्यात अकरा निऑन टेट्रा, लाल चेरी श्रिंप (इवलीशी कोळंबी) मोजण्यापलीकडे आणि एक निळा फायटर (बेटा मासा). त्याचं नाव राजे. कोपऱ्यात जावा फर्न आणि ॲन्युबियस. टाकी आता बरी जमली आहे, फोटो मात्र जमत नाहीत. मोबाइलवर निऑनच्या जागी लाल-निळे फराटे येतात आणि प्रत्येक फोटोत मागे मी उभी, गाऊनमध्ये, हात वर केलेला. परवा फॅमिली ग्रुपवर राजेंचा फोटो टाकला तर जाऊबाईंनी विचारलं, "पडदे नवीन घेतलेस का?"

आता खरा कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट तीस हजार, फार तर दोन हजार इकडेतिकडे. सेकंड हँड चालेल. दुकानात गेले तर डबल लेन्स किट घ्या म्हणाले. मैत्रीण म्हणते मॅक्रो लेन्सशिवाय (बारीक गोष्ट अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स) श्रिंप येणारच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बंड्या_बारटक्के

डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, जमाना गेला हो ताई. मिररलेस (बिनआरशाचा) घ्या. थोडं थांबा, पैसे साठवा, पण मिररलेसच.

शेवाळशत्रू

ताई, "प्रकाश टाकावा" असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तर तेच आहे. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कोणती हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरचा. आधी काच, मग प्रकाश, मग लेन्स.

गेली नऊ वर्षं टाक्यांचे फोटो काढतोय. पहिली तीन वर्षं कॅमेरे बदलण्यात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासा काचेपलीकडे आणि पाण्यात आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा साधारण १.५. समोरून सरळ पाहिलं तर एवढंच होतं की वस्तू जवळ दिसते. तुमची बारा इंच खोल टाकी कॅमेऱ्याला नऊ इंचांची वाटते. पण तिरकं पाहिलं की रंग वेगवेगळे वाकतात, माशाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि सगळं मऊ पडतं. लाखाची लेन्स लावली तरी हे सुटत नाही. म्हणून लेन्स काचेला काटकोनात. मासा कोपऱ्यात गेला की आपण कॅमेरा वळवतो. तसं करू नका, अख्खे तुम्हीच सरका. स्टुलावर बसत असाल तर स्टूलसकट.

पडद्यांचं म्हणाल तर लेन्सला रबरी हूड (तोंडावर बसणारं रबरी नळकांडं) लावा आणि तो काचेला टेकवा. काही शे रुपयांत मिळतो. पोलरायझर (लेन्ससमोर लावायचा फिल्टर) घ्या असं कोणीतरी सांगेलच; तो तिरक्या कोनातली चमक कापतो, समोरून पाहताना त्याचा उपयोग नाही, उलट प्रकाश खातो. खोलीतला दिवा बंद, खिडकी झाकलेली, काळा टीशर्ट. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत असतं, ते काचेत उलटं उमटतं. पट्टा काढून ठेवा. देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेने माझे दोन डझन फोटो घालवलेत.

आता मॅक्रो. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरची रुंदी २२ ते २४ मिलिमीटर. साधी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) ५५ वर ठेवून अगदी जवळ गेलात की साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग फ्रेमभर येतो. मोठी चेरी श्रिंप अडीच सेंटिमीटरची. म्हणजे कापाकापी न करताच तिने फ्रेमचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापला. २४ मेगापिक्सेलमधून थोडं कापलं तर कॅलेंडर छापाल. मिशांवरचे केस हवे असतील तर मॅक्रो. सहा महिन्यांनी ठरवा.

प्रकाशाचं रात्री लिहितो. फिल्टर धुवायचाय.

खाडीकाठचा

रबरी हूडला +१. मी आधी काळ्या कार्डबोर्डला भोक पाडून वापरायचो, तोही चालतो.

नेमस्त

दोन फुटी टाकीत फायटरबरोबर श्रिंप? श्रिंपची पिल्लं राहतात का?

गप्पीवाली

@नेमस्त, राजे पोटभर जेवतात आणि आळशी आहेत. मॉस भरपूर आहे, पिल्लं त्यात लपतात. काही जात असतील बिचारी.

@शेवाळशत्रू, काटकोनाचं आजच करून पाहिलं, मोबाइलवरच. पंखा आणि ट्यूबलाइट बंद, लेन्स काचेला टेकवली. जाऊबाईंना आता मासा दिसला!! पण फराटे आहेतच, आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मोबाइल बिघडला का?

बोरा_बाजार_रिटर्न्स

मोबाइल ठीक आहे. पट्टे टाकीच्या एलईडीचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, बहुतेक जातील. दिव्याला डिमर असेल तर पूर्ण शंभरावर ठेवा. बरेच डिमर दिवा भराभर चालू-बंद करूनच मंद करतात, त्याचे पट्टे वेगळे.

मात्र १/१०० ला निऑन गोठत नाही. म्हणजे पुन्हा फराटे. इथून पुढे फ्लॅशला पर्याय नाही, ते शेवाळशत्रू सांगतीलच.

शेवाळशत्रू

तर प्रकाश. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश विसरा. तो समोरून काचेवर आपटतो आणि परत येतो. ज्यांनी लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात शाळेच्या सहलीत फोटो काढलेत त्यांच्या अल्बममध्ये पांढऱ्या गोळ्यामागे एक शेपूट असतेच.

फ्लॅश हवा टाकीच्या वर, खाली तोंड करून. त्यासाठी दोन वस्तू: हाताने पॉवर बदलता येणारा साधा फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसतो, लांबचा फ्लॅश उडवतो). माझ्याकडे गोडॉक्सचा टीटी६०० आहे, रिसीव्हर त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर. टाकीवर काचेचं झाकण, झाकणावर बटर पेपर, त्यावर फ्लॅश आडवा, चहूबाजूंनी थर्माकोलच्या पट्ट्या उभ्या केल्या की प्रकाश टाकीतच उतरतो.

सेटिंग: मॅन्युअल, शटर १/१६०, एफ/८ किंवा एफ/११ (एफ म्हणजे लेन्समधलं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश १/८ पॉवरपासून सुरू. या सेटिंगला फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढून बघा, जवळपास काळा येईल. म्हणजे टाकीच्या दिव्याचा फोटोत काही हात उरला नाही. पट्टे गेले, एलईडीने आलेला हिरवट-जांभळा रंग गेला. कमी पॉवरला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या कित्येक हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे निऑन जागच्या जागी गोठतो. आणि एफ/८ मुळे नुसता डोळाच नाही, कल्ल्यापर्यंत मासा स्पष्ट येतो. एकाच गोष्टीने चार दुखणी बरी होतात, म्हणून म्हणतो की पैसा इथे घाला.

एक सावधगिरी. फ्लॅशच्या आत कपॅसिटर असतो, ३०० व्होल्टच्या घरातला. उघड्या टाकीच्या काठावर तोलून ठेवायचा नाही. झाकण नसेल तर आधी झाकण करून घ्या. मांजर असेल तर दार लावा.

गप्पीवाली

पण माशांचे डोळे? पापण्या नसतात ना त्यांना. मुलगी रडायलाच लागली.

कर्दळी

माझाही हाच प्रश्न.

शेवाळशत्रू

मी पाहिलंय ते सांगतो. टाकीचा दिवा चालू असताना फ्लॅश मारला तर पहिल्या एक-दोनदा दचकतात, मग ढुंकून बघत नाहीत. अंधारात एकदम मारला तर मात्र निऑन काचेवर धडकतात. म्हणून दिवा लावून अर्धा तास होऊ द्या. नव्याने आणलेल्या, आजारी किंवा अंड्यांवर बसलेल्या माशांवर मी फ्लॅश मारत नाही. मुलीला सांगा, एका वेळी वीस फोटो, मग राजेंना सुट्टी.

बंड्या_बारटक्के

फ्लॅशचं सगळं मान्य. तरी बॉडी मिररलेसच. स्क्रीनवर जे दिसतं तेच फोटोत येतं, फोकस झालेला भाग रंगीत कडांनी दिसतो, आणि टाकीसमोर मांडी घालून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची कसरत नाही.

बोरा_बाजार_रिटर्न्स

मुद्दा बरोबर, बजेट चूक. शिवाय शेवाळशत्रूंच्या सेटिंगला (१/१६०, एफ/८) स्क्रीनवर जसंच्या तसं दाखवायचं ठरवलं तर काळंकुट्ट दिसेल, फ्लॅश उडायचाय अजून. मेनूत जाऊन ते बंद करावं लागतं. नवीन माणूस तिथे घाबरतो. प्राण्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असतो खरा, पण तो कुत्र्या-मांजरा-पक्ष्यांवर शिकलेला. माझ्याकडे तो गोगलगायीच्या शंखावर जाऊन बसतो.

तीस हजारांत जुना डीएसएलआर घ्या, पण दोन गोष्टी बघा.

एक, स्क्रीन बाहेर वळणारा हवा. टाकी स्टँडवर कमरेच्या उंचीला असते, श्रिंप तळाशी. फिरता स्क्रीन नसेल तर गुडघे जातात. निकॉन डी५३००, डी५५००, डी५६०० मध्ये आहे, डी३४००, डी३५०० मध्ये नाही.

दोन, आणि हे दुकानदार सांगत नाही. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांच्या हॉट शूमध्ये (वरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नाही. फक्त त्या एका पिनवर चालणारे साधे फ्लॅश आणि साधे ट्रिगर त्यावर उडत नाहीत. हे कॅमेरे वाईट नाहीत, पण वर सांगितलेला स्वस्त जुगाड यांच्यावर बसेल असं धरून चालू नका. फ्लॅश आणि ट्रिगर दुकानात नेऊन, लावून, उडवून बघा.

निकॉन घेतला तर आणखी एक. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळेल, पण फोकस हाताने करावा लागेल. एएफ-पी लेन्स डी५३०० वर लावायची तर आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं.

डबल लेन्स किटमधली दुसरी, लांबचं जवळ आणणारी ७०-३०० टाकीसाठी कामाची नाही. एक मीटरच्या आत ती फोकसच करत नाही.

टेक्सासकर

इकडे माझी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, कोरल. निळ्या दिव्यात मोबाइलवर सगळं निळीत बुडवल्यासारखं येतं. लेन्ससमोर नारिंगी फिल्टर धरला की खरे रंग दिसतात. गोड्या पाण्यावाल्यांना याची गरज नाही, पण कुणी समुद्री टाकीवाला धाग्यावर आला तर असू दे.

आणि काय असेल ते असो, फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची झाक, नंतर सुधारता येतो.

अंजनवेल

सेकंड हँड लेन्स घेणाऱ्यांना कोकणातून सल्ला: बुरशी! मी एक ९० मिलिमीटरची मॅक्रो घेतली होती, एका दुकानातून (नाव घेत नाही). दुकानात बाहेरून चकाचक. घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याचं जाळं. दुकानदार म्हणाला पावसाळा आहे, चालायचंच. चालत नाही हो. घेताना लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. आणि घरी आणली की हवाबंद डबा, सिलिका जेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कॅमेरा पापडांच्या शेजारी हवाबंद डब्यात असतो. टाकीच्या खालच्या कपाटात तर कधीच ठेवू नका, तिथे बारमाही पावसाळा.

नेमस्त

मॅक्रो घ्यायचीच झाली तर किती मिलिमीटरची?

शेवाळशत्रू

टाकीसाठी ९० किंवा १००. निकॉनची ४० मिलिमीटरची मायक्रो (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणतं) गुणी आणि स्वस्त आहे, पण पूर्ण आकाराला (सेन्सरवर मासा खऱ्या मापाचा) गेलात की सेन्सरपासून फोकस १६.३ सेंटिमीटरवर. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा करा, समोर तीन-चार सेंटिमीटर उरतात. अर्धा सेंटिमीटर काचेत गेला. काचेला चिकटलेला मासाच येईल, मागचा नाही. १०० मिलिमीटरला तळहाताएवढं अंतर मिळतं.

त्याआधी रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं चिमट्यासारखं भिंग बघा, लेन्सच्या तोंडावर बसतं. किंवा ५० मिलिमीटर एफ/१.८ ला २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारी पोकळ नळी): २५ भागिले ५०, म्हणजे अर्ध्या आकाराची वाढ तिथेच मिळाली. फक्त ट्यूबला धातूचे कॉन्टॅक्ट असलेली घ्या, नाहीतर कॅमेऱ्यावरून एफ नंबर बदलता येत नाही आणि एफ/१.८ ला श्रिंपची एक मिशी तेवढी स्पष्ट येते.

सह्याद्रीकर

अवांतर: कुणाकडे मिस केरळ आहे का? आपल्याच पश्चिम घाटातला मासा, केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला. २०१३ मध्ये त्याच्यासाठी नवा वंश (जीनस) ठरला, त्याचं नावच सह्याद्रिया. नैसर्गिक अधिवासात आता धोक्यात आहे, म्हणून प्रजनन केंद्रातलेच घ्या. माझ्या चार फुटीत सहा आहेत, पळत सुटले की फ्लॅशनेही अर्धं शेपूट हाती लागतं.

शेवाळशत्रू

@सह्याद्रीकर, त्यांच्या मागे कॅमेरा फिरवू नका. एका पानावर आधीच हाताने फोकस करून ठेवा, कॅमेरा तिपाईवर, आणि ते त्या पानापुढून जाण्याची वाट बघा. त्यांच्या फेऱ्या एसटीपेक्षा वक्तशीर असतात.

गप्पीवाली

अपडेट! तीन आठवडे गायब होते. निकॉन डी५३०० घेतला, १८-५५ सकट, सेकंड हँड, १९ हजार. फ्लॅश आणि ट्रिगर मिळून ९ हजार. टॉर्च मारून पाहिला, लेन्स स्वच्छ. दुकानातच फ्लॅश उडवून पाहिला, तेव्हा मालक म्हणाला, "मॅडम लग्नाचं काम करता का?" रबरी हूड धरून बजेटच्या आत.

आता गोंधळ. पाणी हलू नये म्हणून फिल्टर बंद केला, कुठेतरी वाचलं होतं. शनिवारी दुपारी दोन तास फोटो काढले, खुशीत बाहेर जेवायला गेलो. रात्री साडेअकराला आलो तर निऑन सगळे वर, तोंडं पाण्याच्या रेषेला. फिल्टर बंदच! लगेच चालू केला, अर्धं पाणी बदललं. एक निऑन गेला. मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आता फिल्टर बंद केला की मी त्याच्या प्लगवर घराची किल्ली अडकवते. किल्ली घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

खाडीकाठचा

अरेरे. होतं असं. किल्लीची युक्ती मात्र मी चोरली.

अंजनवेल

फिल्टर बंद करायची गरजच नाही, फ्लॅश आहे ना. पानं हलली तरी गोठतात. फक्त अख्ख्या टाकीचा फोटो नुसत्या दिव्यावर, लांब शटरने काढायचा असेल तर पाच मिनिटं बंद. आणि पाणी बदलल्यावर लगेच काढू नका, काचेवर बुडबुडे बसतात. दोन-तीन तास जाऊ द्या.

गप्पीवाली

आणि हे प्रचि (प्रकाशचित्र) १ आणि २. पहिल्यात राजे. निळा नाहीये तो! खवल्यांच्या कडा हिरव्या आहेत, आणि गालावर एक तांबूस पट्टा, दीड वर्षात मला दिसला नव्हता. दुसऱ्यात अंडी घेतलेली श्रिंप. मुलीने पोटाखालची अंडी मोजली, दिसणारी तेवीस, आणि दोन अंड्यांत काळे ठिपके आहेत. ते डोळे का?

शेवाळशत्रू

डोळेच. थोड्या दिवसांत पिल्लं सुटतील. फोटो झकास. एफ/११ वर जाऊन पाहा, शेपटाकडचा भागही येईल. काचेवर डावीकडे पांढरे डाग दिसतात, ते बोअरच्या पाण्याचे क्षार. पाणी जरा उतरवून फडक्याला व्हिनेगर लावून पुसा, टाकीत थेंब जाऊ देऊ नका.

नेमस्त

प्रचि २ मोठा करून पाहिला. श्रिंपच्या उजवीकडे काचेवर एक पांढरा दोरा आहे, टोकाला पाच-सहा बारीक हात. ताई, तो क्षार नाही. हायड्रा आहे. नुकती जन्मलेली पिल्लं पकडतो.

गप्पीवाली

काय सांगता! मोबाइलवर कधी दिसला नव्हता. आत्ता टॉर्च घेऊन बघितलं, एक नाही, सात आहेत. पिल्लं यायच्या आत काय करू? थांबा, याचा वेगळा धागा काढते.